‘वर्षाच्या आत’ची घाई

पत्राचा सारांश

इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र 2021 मध्ये आलं, खालचं उत्तरही तेव्हाचंच आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

त्यांचे धाकटे दीर त्या वर्षी एप्रिलमध्ये कोरोनानं गेले. खाट मिळेपर्यंत दोन दिवस गेले आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. कॉलेजजवळ त्यांचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान होतं, तेही गेल्या वर्षापासून बहुतेक बंदच होतं. मागे जाऊ आणि दोन मुली. थोरली साडेसोळा वर्षांची, अकरावी झालेली, येत्या जानेवारीत सतरा पूर्ण करील. धाकटी अकरा वर्षांची. दोघींच्या ऑनलाइन वर्गाला मिळून एकच फोन, तोही वडिलांचा.

दिवस संपता संपता एका चुलत आत्यांनी फोनवरून स्थळ सुचवलं. मुलगा सव्वीस वर्षांचा, उज्जैनला घरचं दुकान. हुंडा नको, मानपान नको, ‘नारळ आणि मुलगी द्या’ म्हणतात. घरात असं झालंय तर वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा सासूबाईंचा आग्रह. आषाढीच्या आधी साखरपुडा, तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त. वडील नाहीत म्हणून कन्यादान काका-काकूंनी करायचं. काकांनी दीड लाख रुपये काढून ठेवले आहेत. ‘‘अजून अठरा पूर्ण नाहीत,’’ असं आमच्या या वाचक काकू म्हणाल्या, तेव्हा सासूबाईंनी ‘‘अहिल्याबाईंचं आठव्या वर्षी झालं होतं,’’ असं ऐकवलं आणि जाऊ रडायला लागली.

मुलगी ‘‘मला चालेल’’ म्हणते. मंडळी बघायला आली त्या दिवशी स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता तिनं हळूच विचारलं, ‘‘काकू, माझं झालं की आईला एकीचंच बघावं लागेल ना?’’ काकूंना उत्तर सुचलं नाही.

‘‘बालविवाह म्हणजे खेड्यापाड्यातली, न शिकलेल्यांची गोष्ट असंच मी समजत होते,’’ त्या लिहितात. ‘‘आणि खरं सांगते, स्थळ आलं तेव्हा क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. विरोध केला तर उद्या दोघींची जबाबदारी आमच्याच घरावर येणार. पोलिसांत जायचं तर घराची अब्रू. मी काय करू?’’

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या चहाच्या गाळणीपाशी थांबले. पण आधी तुमच्या मनातल्या टोचणीबद्दल बोलते, कारण ती मोकळी झाल्याशिवाय तुम्हाला घरात कुणापुढे ठामपणे उभं राहता येणार नाही.

क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, यात तुमचा गुन्हा नाही. एप्रिलमध्ये तुम्ही घरातलं माणूस गमावलंत. इंजेक्शनासाठी, खाटेसाठी धावलात. अशा थकलेल्या घरात कुणी येऊन ‘एक काळजी आम्ही उचलतो’ म्हटलं, तर हायसं वाटणारच. तेच तुमच्या जाऊबाईंना वाटलं, यजमानांना वाटलं, सासूबाईंनाही. म्हणजे या घरात कुणीही दुष्ट नाही. सगळे घाबरलेले आहेत, आणि प्रत्येकाच्या भीतीवर ‘लग्न’ हे एकच औषध काढलेलं आहे. मला वाटतं, तुमचं काम भांडणापासून सुरू होत नाही. कोणाला कशाची भीती वाटते हे वेगवेगळं करून बघण्यापासून सुरू होतं.

मुलीपासूनच बघू. ती ‘चालेल’ म्हणते, याला घरातली मोठी माणसं होकार समजत आहेत. स्वयंपाकघरात तिनं तुम्हाला जे विचारलं, त्यात नवऱ्या मुलाचं नाव नाही, त्या घराचं नाव नाही, तिचं स्वतःचंही काही नाही. तो हिशेब आहे. वडील गेले, दुकान बंद, आई रात्री झोपत नाही, आपण गेलो तर एक ताट कमी होईल. साडेसोळा वर्षांच्या मुलीनं हा हिशेब मांडला आणि त्यात स्वतःला वजा केलं. याला संमती म्हणू नका. कायदाही म्हणत नाही. अठराच्या आत मुलीनं ‘हो’ म्हटलं काय, ‘नाही’ म्हटलं काय, लग्न बालविवाहच ठरतं.

‘आपल्यात असं होत नाही’ हा तुमचा समज यंदा मोडला, तो बऱ्याच घरांत मोडतो आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या मध्य प्रदेशात 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एवढा मोठा आकडा काही कुठल्या दूरच्या पाड्यातून येत नाही. साथ आली की तो वाढण्याचं भय असतं. युनिसेफनं 2021 च्या मार्चमध्ये सांगितलं की कोरोनामुळे हे दशक संपेपर्यंत जगात एक कोटीपर्यंत जादा बालविवाह होऊ शकतात. कारणं तुमच्या घरात एकेक करून हजर आहेत: शाळा बंद, कमाई बंद, कर्ता माणूस गेलेला. 2014-15 मध्ये सिएरा लिओनमध्ये इबोला आला तेव्हा तिथल्या शाळा सुमारे नऊ महिने बंद होत्या. त्या उघडल्या तोवर कित्येक मुली गरोदर होत्या, आणि त्यांना वर्गात बसायला तिथल्या सरकारनं बंदी घातली. ती बंदी उठायला 2020 उजाडलं. शाळेचं दार एकदा मुलीच्या मागे बंद झालं की ते उघडायला किती वर्षं लागतात बघा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट भर घालते, आणि ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. टाळेबंदीत लग्न स्वस्त झालं. पंचवीस माणसं, हॉल नाही, बँड नाही, आहेर नाहीत. मुलीच्या बापाला एरवी जे दहा वर्षं पै-पै जमवून करावं लागतं, ते एका सकाळी उरकतं. वर बघायला कुणी नाही. शाळा बंद, त्यामुळे बाईंना कळत नाही. अंगणवाडी ताई सर्वेक्षणाला जुंपलेली. तरीही 2020 च्या टाळेबंदीच्या पहिल्या चार महिन्यांतच 1098 या मुलांच्या हेल्पलाइनच्या मध्यस्थीनं देशभरात पाच हजारांहून जास्त बालविवाह थांबवले गेले. कुणीतरी शेजारी, कुणीतरी मैत्रीण, कुणीतरी काकू, अशांनीच ते फोन केले असणार.

माझ्या आजीचं थोडं सांगते. 1918 च्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. या देशात त्या साथीनं एक कोटीहून जास्त माणसं नेली, त्यात माझ्या आजीची आई गेली. आजी तेव्हा नऊ वर्षांची. घरात स्वयंपाकाला बाई नाही, मुलीकडे बघायला कुणी नाही, म्हणून पुढच्याच वर्षी तिला एका बिजवराला देऊन मोकळे झाले. वडील वाईट नव्हते. आजी अखेरपर्यंत त्यांच्याबद्दल मायेनं बोलायची. पण संध्याकाळी दिवा लावला की आम्हा नातवंडांकडून ती पाढे म्हणून घ्यायची, आणि तेराच्या पाढ्याला आमच्याबरोबर एक्याण्णवपर्यंत यायची. तिथं तिचा आवाज थांबायचा. पुढचं आम्ही म्हणायचो, ती नुसती ओठ हलवायची. तिची शाळा तेवढ्यावर सुटली होती. ब्याऐंशी वर्षं जगली, नातसुनांकडून सगळं शिकली, स्मार्त-भागवत एकादशीचा हिशेब तोंडी करायची, पण तेर आठे कधी म्हणाली नाही. आम्ही शिकवायला गेलो तर ‘‘राहू दे गं’’ म्हणायची.

आता तुमच्या जाऊबाई. त्यांच्याशी तुम्ही एकट्यात बोला, सासूबाईंसमोर नको आणि यजमानांसमोरही नको. लग्नाचा विषय काढू नका. ‘‘तुला रात्री नेमकी कशाची भीती वाटते?’’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्या सांगतील. मी पैजेवर सांगते, त्यात तीन गोष्टी निघतील.

एक निघेल, ‘तिसरी लाट आली आणि मीही गेले तर?’ ही भीती सगळ्यात खरी आहे, आणि तिच्यावर लग्न हा इलाज नाही. तिच्यावर मृत्युपत्र हा इलाज आहे. वडिलांच्या मागे आई मुलांची नैसर्गिक पालक असते, आणि 1956 च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यानुसार तिला मृत्युपत्रात मुलांसाठी पालक नेमता येतो. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. नोंदणी केली तर बरंच, नाही केली तरी चालतं. तुमच्या यजमानांना मुलींची खरंच काळजी असेल, तर कन्यादानाच्या पाटावर बसण्याआधी त्यांनी भावजयीच्या त्या कागदावर पालक म्हणून आपलं नाव लिहू द्यावं. आईचा जीव कशानं थाऱ्यावर येतो ते तुम्हाला दिसेल.

दुसरी भीती पैशाची. इथं थोडं खोदावं लागेल. दिरांच्या बँक पासबुकात मे-जूनच्या पानांवर 330 रुपयांची नोंद दिसते का बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा 2021 पर्यंत तेवढा हप्ता असे. कितीतरी लोकांच्या खात्यातून तो दरवर्षी आपोआप वळता होतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. 2020 च्या मे-जूनमध्ये गेला असेल, तर एप्रिलमधला मृत्यू त्यात धरला जातो, आणि वारसाला 2 लाख रुपये मिळतात. मृत्यू दाखला, पासबुक आणि वारसाचं आधार घेऊन बँकेतच अर्ज द्यायचा. उशीर झाला असेल तरी द्या. 12 रुपयांची नोंद दिसली तर ती तेव्हाच्या अपघात विम्याची, इथं ती उपयोगी नाही. दुसरं, 30 जून 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं कोरोनानं गेलेल्यांच्या कुटुंबांना मदत देण्याचे नियम सहा आठवड्यांत करायला सांगितलं.  त्यासाठी पॉझिटिव्ह रिपोर्ट, दवाखान्याची कागदं, महापालिकेचा मृत्यू दाखला हे सगळं एका पिशवीत जपून ठेवा. कल्याणी, म्हणजे विधवा पेन्शन 2021 मध्ये महिना 600 रुपये होती, थोडी आहे, पण अर्ज करा. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बाल संरक्षण कार्यालयामार्फत स्पॉन्सरशिप असते (2021 मध्ये महिना 2000 रुपयांची होती), तिची उत्पन्नाची अट कडक आहे, तरी विचारून या. धाकटीचं नाव मध्य प्रदेश सरकारच्या मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी योजनेत असेल, तर त्यातले शेवटचे पैसे मुलगी अठराच्या आत बोहल्यावर चढली नाही तरच मिळतात, हे सासूबाईंच्या कानावर घाला.

आणि ते दीड लाख. तुमच्या यजमानांनी काढून ठेवलेत हे ऐकून मला बरं वाटलं, कारण याचा अर्थ पैसे नाहीत असं नाही. त्यातून एक दुसरा फोन घ्या, साधा चालेल. बारावीची फी भरा. उरलेले दोघींच्या नावानं ठेवीत टाका. थोरलीनं मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत 70 टक्के मिळवले आणि घरचं उत्पन्न सहा लाखांच्या आत असलं, तर 2021 च्या नियमांप्रमाणे मेधावी विद्यार्थी योजनेत तिची पुढची फी शासन भरतं. एक बारावी, एवढाच प्रश्न आहे. दुकानाचंही बघा. जाऊबाई दुपारी दुकानात बसत असत का? कॉलेजं उघडली की झेरॉक्सला गर्दी होणारच. मशीन विकायची घाई करू नका.

तिसरी भीती त्या आवाज खाली करून सांगतील: ‘बाप नाही, वयात आलेली पोर घरात, लोक बोलतात.’ इथं मी तुम्हाला गोड बोलणार नाही. ही भीती कागदानं जात नाही, माणसांनी जाते. तुम्ही लिहिता की विरोध केला तर जबाबदारी आपल्यावर येईल. येईल. थोडी तरी येईलच. म्हणून आधी तुम्ही आणि यजमान बसून ठरवा की तुम्हाला नेमकं काय झेपेल, आणि तेवढंच कबूल करा. आठवड्यातून दोन संध्याकाळ तिकडे जाणं झेपेल? परीक्षेच्या दिवसांत थोरलीला आपल्याकडे ठेवून घेणं झेपेल? दोघींना कायमचं घरी आणणं झेपणार नसेल तर तसं म्हणू नका. भावाच्या तेराव्याला दिलेली मोठी वचनं सहा महिन्यांत विरतात आणि त्यानंतरच आया घाबरून हात पिवळे करायला निघतात.

आता सासूबाई. त्यांचा मुलगा गेला आहे हे क्षणभरही विसरू नका. त्यांच्याशी कायद्याच्या भाषेत बोलू नका, त्यांच्याच भाषेत बोला. ‘वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं’ ही रीत त्यांनी सांगितली, तर तिचा दुसरा अर्धा भागही रीतच आहे. तीन वर्षं थांबायलाही रीतीत जागा आहे. तीन वर्षांनी, 2024 च्या एप्रिलमध्ये, मुलगी एकोणीस वर्षं पूर्ण केलेली असेल, कॉलेजात असेल. रीत मोडायला नको आणि कायदाही मोडायला नको. मला तर वाटतं, जुन्या माणसांनी हा दुसरा पर्याय ठेवला तो अशाच घरांसाठी असेल, जिथं घाई करून चालणार नाही. शिवाय 20 जुलैला आषाढी. त्यानंतर चार महिने देव झोपतात, आणि सासूबाई चातुर्मास पाळत असतील तर कार्तिकी एकादशीपर्यंत मुहूर्ताचा प्रश्नच येत नाही. तुमच्या हातात चार महिने आहेत. फक्त आषाढीच्या आधीचा तो साखरपुडा होऊ देऊ नका. एकदा सुपारी फुटली की ‘शब्द दिलाय’ हे नवीन कारण तयार होतं आणि मग प्रत्येक जण मुलीपेक्षा शब्दाला जपू लागतो.

अहिल्याबाईंचं म्हणाल तर आपण इंदूरकर त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही, पण पुरतं घ्यावं. त्यांचं लग्न लहानपणी झालं, खरं. कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव पडले तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या, हेही खरं. मल्हाररावांनी सुनेवर कारभार सोपवला, हा त्या सासऱ्याचा मोठेपणा. उज्जैनच्या दुकानदारांच्या घरात मल्हारराव आहेत की नाहीत, हे बघायला आपल्याला दीड तासाचं चहापान पुरलेलं नाही.

त्या स्थळाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे: सव्वीस वर्षांच्या मुलाला साडेसोळाचीच मुलगी का हवी? आपल्या जातीत, आपल्या शहरात वीस-बावीसच्या शिकलेल्या मुली काय कमी आहेत? ‘लहान आहे, आमच्या घरात रुळेल’ असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ ‘लहान आहे, उलट बोलणार नाही’ असा असतो. बिनहुंड्याचं स्थळ स्वस्त पडत नाही, त्याची किंमत मुलगी पुढे चुकती करत राहते. खरंच चांगली माणसं असतील, तर त्यांना दहावीची अंकसूची, म्हणजे गुणपत्रिका दाखवा, जन्मतारखेवर बोट ठेवा आणि म्हणा, ‘‘मुलगी आवडली असेल तर थांबा.’’ थांबणारे थांबतील. बहुतेक जण दुसरीकडे बघू लागतील, आणि तेव्हा तुम्हाला वाईट वाटणार नाही.

कायदा तुम्हाला पाठ असायला हवा, तो दाखवायला नाही, पण पायाखाली काय आहे ते माहीत असायला. 2006 चा बालविवाह प्रतिबंध कायदा. मुलीचं वय 18, मुलाचं 21. अठरा पूर्ण झालेल्या पुरुषानं अठराच्या आतल्या मुलीशी लग्न केलं तर त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न लावणारे गुरुजी, ठरवणारे, हातभार लावणारे, सगळे त्यात येतात. आणि ताई, लक्ष देऊन वाचा: मुलगी ज्यांच्या ताब्यात आहे, मग ते आई-बाप असोत की दुसरं कुणी, आणि ज्यांनी लग्नाला हातभार लावला, होऊ दिलं, त्यात भाग घेतला, तेही त्यात येतात. बाईला कैद नाही, दंड आहे. तुमच्या यजमानांना कैदही होऊ शकते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कन्यादानाला बसणारा काका हा पाहुणा ठरत नाही.

म्हणून मला वाटतं, या सगळ्यात तुमच्या हाती एक गोष्ट आहे जी घरात दुसऱ्या कुणाच्याच हाती नाही. ‘आम्ही पाटावर बसणार नाही.’ एवढंच वाक्य. ओरडून नको, रागावून नको. यजमानांना आधी पटवा. ते भावाच्या दुःखात आहेत आणि हे लग्न त्यांना भावाचं राहिलेलं काम वाटत असणार. त्यांना विचारा, भाऊ जिवंत असता तर त्यानं या वयात दिली असती का? त्या माणसानं टाळेबंदीत स्वतःचा फोन मुलींना दिला होता.

लग्न झालं तर पुढं काय होतं, हेही जाऊबाईंना माहीत असू द्या. 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्कार ठरतो. मुलीला दिवस गेले आणि दवाखान्यात नाव घालायला नेली, तर जन्मतारीख विचारली जाते, आणि डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन आहे. त्या भीतीनं किती घरं मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत. जगभरात 15 ते 19 वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गरोदरपण आणि बाळंतपणातले त्रास आहेत. जाऊबाईंनी नुकताच एक दवाखाना पाहिला आहे. त्यांना यापेक्षा जास्त सांगावं लागणार नाही.

आणि तरीही साखरपुड्याची तारीख पक्की झाली, तर? तर फोन करा. 1098 ला करा, नाव न सांगता करता येतो. महिला व बालविकास विभागात बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. लग्न ठरलंय असं कळलं तर न्यायदंडाधिकाऱ्यांना ते थांबवण्याचा मनाई हुकूम देता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द ठरतं. अब्रूचं तुम्ही लिहिलंत, ते मी हसण्यावारी नेत नाही; आपल्या गल्लीत कुणाच्या दारात गाडी थांबली हे पोहे संपायच्या आत सगळ्यांना कळतं. पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा काय होतं? दोन-तीन माणसं घरी येतात, जन्मतारखेचा कागद बघतात, आई-वडिलांना समजावतात, ‘अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही’ असं लिहून घेतात आणि जातात. लग्नाच्या दिवशी मांडवात आले तर चार लोक बघतात. आत्ता, साखरपुड्याआधी आले तर फारसं कुणालाच कळत नाही. उशीर केला की अब्रू जास्त जाते. मी तुम्हाला पहिल्या दिवशी फोन उचला म्हणत नाही, कारण तुमच्या घरात अजून बोलण्याची वाट उघडी आहे. ती बंद झाली, तर मात्र कचरू नका. आणि नंतर जाऊबाईंपासून लपवू नका. ‘‘मीच केला’’ म्हणा. आज रडतील, चार महिने बोलणार नाहीत.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते. शिक्षकांनो, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी मुलगी दोन आठवडे दिसत नाही, तिच्या आईच्या फोनवर एक फोन करा. गुरुजींनो, दक्षिणा ठरवण्याआधी अंकसूची मागा. पत्रिका छापणाऱ्यांना आणि बँडवाल्यांना प्रशासन हेच सांगत आलं आहे. आणि ज्या मुलींचं गेल्या वर्षी टाळेबंदीत गुपचूप उरकलं, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर, बाळा, तुझं लग्न तुझ्या अर्जावर रद्द होऊ शकतं. वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत जिल्हा न्यायालयात जाता येतं. अठराच्या आत असशील तर मोठ्या माणसाबरोबर आणि प्रतिबंध अधिकाऱ्यांबरोबर जायचं. पोटगीही मागता येते. उशीर झालेला नाही.

ताई, तुम्हाला त्या दिवशी स्वयंपाकघरात उत्तर सुचलं नाही, ते अजून द्यायचं राहिलं आहे. या रविवारी तिकडे जा. थोरलीला भाजी आणायला म्हणून बाहेर काढा, एकटीला. तिला लग्नाबद्दल काही विचारू नका. म्हणा, ‘‘तू विचारलं होतंस ना? आईला दोघींचंच बघायचंय, आणि आम्ही आहोत. उद्या सकाळी अंकसूची आणि आधार घेऊन ये, बारावीची फी भरून येऊ.’’